विंगेतल्या वहीसाठी, भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

परवा लागलेल्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत माझं नाव दोनदा आलं, एकदा नटांमध्ये आणि एकदा पटकथा-संवादापुढे. दुसरं नाव तुमच्यामुळे आलं, हे सांगायला फोन केला तर तुम्ही "जेवलास का?" म्हणून विषयच बदललात. म्हणून इथे, चारचौघांसमोर लिहितोय.

आपल्या गावच्या जत्रेचं नाटक. मला शिपायाचं काम होतं, दोन वाक्यांचं. मी देवळामागे तोंड फुगवून बसलो होतो. तुम्ही आलात, समजूत घातली नाही, नुसतं म्हणालात, "बस हांगा, म्हज्या बगलेक." आणि विंगेत तुमच्या स्टुलाशेजारी बसवलंत.

तुम्ही प्रॉम्प्टिंग करायचात ती नाटकाची वही अजून डोळ्यांपुढे आहे. खाकी कव्हर, लांबट पानं, थांबायच्या जागी लाल रेघ, गाळलेल्या ओळीवर निळी. उजेड रंगमंचावर सांडू नये म्हणून बल्बला पुठ्ठा गुंडाळलेला. नट अडला की तुम्ही अख्खं वाक्य कधीच पुरवायचा नाहीत, फक्त पहिला शब्द. आणि एकाच ओळीला दोन वेगळे नट अडले, की पेन्सिलीने बारीक फुली. "चूक नटाची नाही रे, वाक्याची," असं पुटपुटून दुसऱ्या दिवशी तालमीत ती ओळ तुम्ही बदलून बघायचात. चार जत्रा मी तिथे बसलो. सगळ्यांची वाक्यं पाठ झाली, आणि ती कुठे मोडतात तेही.

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. तिथे मी जगभरचे सिनेमे पाहिले, बघायला शिकलो. लिहायला मात्र विंगेतच शिकलो. 2011 चा 'देऊळ' पाहिला तेव्हा हे पक्कं झालं. गिरीश कुलकर्णींना त्या एकाच सिनेमासाठी अभिनयाचा आणि संवादांचा असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दत्त दिसल्याचं सांगताना त्यांनी साकारलेल्या केश्याची जी तारांबळ उडते, ती ऐकताना मला लिहिणारा आणि बोलणारा वेगळा काढताच येईना. असं लिहायचं तर वाक्य आधी स्वतःच्या तोंडात घोळवायला हवं. तुम्ही तेच तर करत होता!

माझ्या या सिनेमात गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीतला एक प्रसंग आहे. मी लिहिलं होतं, "मला माफ करणं तुला जमणार नाही, हे मला ठाऊक आहे." खाली इंजिनाची धडधड, त्यात मी तीनदा अडलो. माझ्याऐवजी समोरच्या नटाला म्हणायला सांगितलं, तोही तिथेच अडला. मी पेन्सिल मागितली आणि फुली मारली. आता सिनेमात मी एवढंच म्हणतो, "नाही जमणार तुला." लोक याच जागी रडतात, भाऊ.

मुंबईला निघालो तेव्हा कदंब बसचं तिकीट तुम्ही काढून दिलंत, पहिल्या महिन्याचं भाडंही. ते मी विसरलेलो नाही. पण निघताना हातात ठेवलीत ती वही, तिची परतफेड मला आजवर सुचलेली नाही.

ती वही घेऊन चतुर्थीला येतोय. दुसऱ्या अंकाची सुटलेली पानं शिवून घेतली आहेत. शेवटची चार पानं कोरी आहेत, तिथे फेरीबोटीचा प्रसंग माझ्या अक्षरात उतरवलाय. तुमची पेन्सिल तयार ठेवा.

तुमचा,
विंगेतला मुलगा