भाकरी सोडू नका, बाबा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर खाण्याचा विषय काढला की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून, चष्मा लावून, सावकाश वाचा.

मंगळवारी सकाळी अंगणात तुम्हाला घेरी आली, दरदरून घाम फुटला, हात थरथरले, हे मला दोन दिवसांनी कळलं. कारण ऐकलं आणि रात्रभर झोप लागली नाही. भाकरी-भाताने साखर वाढते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पंधरा दिवस तुम्ही दोन्ही बंद केलंत. गोळी मात्र चालूच. तुमची मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. खाणं घटलं आणि गोळी तेवढीच राहिली की साखर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि ते वाढलेल्या साखरेपेक्षा फार लवकर जिवावर बेततं.

पुन्हा तसं झालं तर आई, मीटर शोधत बसू नकोस. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाज. पंधरा मिनिटांनी तपास, तरीही कमी असेल तर पुन्हा दे, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला घाल. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नकोस, थेट दवाखान्यात ने. आणि बाबा, झाला प्रकार उद्याच डॉक्टरांना सांगा. गोळी कमी करायची की बदलायची ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही.

आता भाकरीबद्दल. कोरडा घास बराच वेळ चघळला की गोडसर लागतो, आठवतं? तोंडातली लाळच पिठातल्या स्टार्चची साखळी तोडायला लागलेली असते. पुढे आतड्यात तिचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं. एकट्या मेंदूलाच दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. उरलेलं शरीर साठवतं. आजोबांचं पेव तुम्हीच मला दाखवलं होतं, जमिनीत खोल, आत ज्वारी भरलेली. शरीराचीही अशी दोन पेवं आहेत. यकृतातलं लहान, शंभरेक ग्रॅमचं, आणि स्नायूंमधलं मोठं, धडधाकट माणसात चारेकशे ग्रॅमचं. पेवाचं तोंड उघडायचं काम इन्सुलिनचं. मधुमेहात शरीर त्याला नीट दाद देत नाही, म्हणून साखर रक्तातच फिरत राहते. पेव भरल्यावरही खात राहिलो तर जास्तीची चरबी होते.

तुम्ही शेतात राबत होता तेव्हा हे मोठं पेव रोज रिकामं व्हायचं. तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी संध्याकाळपर्यंत हिशेब मिटायचा. आता वयाने मांड्या उतरल्या, म्हणजे पेवच लहान झालं, आणि बसून असल्याने रिकामंही होत नाही. दोष भाकरीचा नाही. जेवल्यावर पंधरा मिनिटं मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन या. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. मला यासारखा साधा उपाय दुसरा माहीत नाही.

पण ज्वारीने साखर वाढतच नाही, असंही धरून चालू नका. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, मग ज्वारी आपल्या मंगळवेढ्याची का असेना. म्हणून एका वेळी एक भाकरी, आणि तिच्यासोबत भरपूर काहीतरी. आधी काकडी, मुळा, मेथीची भाजी, मग मटकीची उसळ किंवा पिठलं, आणि त्याबरोबर भाकरी. भाजीतल्या चोथ्याने आणि डाळीतल्या प्रथिनांनी पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे साखर एकदम उसळत नाही. भात आवडतो तर एक मूद घ्या, वरण दुप्पट.

आई, तुझ्याशीही भांडायचंय. उपवासाला हलका म्हणून तू स्वतः साबुदाणा खातेस आणि त्यांनाही वाढतेस. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकंच आहेत. चोथा नाही, प्रथिनं नावालाच. दाण्याच्या कुटाने थोडं सावरतं, तरी वाटीभर खिचडी म्हणजे मोठं जेवण झालं. त्यापेक्षा शिंगाड्याची किंवा राजगिऱ्याची लहान भाकरी, दही आणि काकडी चालेल ना तुझ्या देवाला? आणि गूळ साखरेपेक्षा चांगला हे मनातून काढून टाक. रक्तात गेल्यावर दोन्हींचं काम एकच. बाबांचे चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला ३५ ते ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ च्या आत ठेवा म्हणते. मला विचाराल तर आधी हे चमचे कमी करा. भाकरीला हात लावायची वेळ नंतर.

बाबा, तुमचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ७.४ आला म्हणून तुम्ही घाबरलात, ते मला कळतं. आजोबांचा पाय तुमच्या डोळ्यांसमोर असतो. पण हा आकडा तांबड्या पेशींवर चढलेल्या साखरेचा असतो आणि त्या पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात. पंधरा दिवस उपाशी राहून तो पुसला जात नाही. शिवाय सत्तरीनंतर घेरी येऊ न देणं हेही उपचारातच धरतात. डॉक्टरांनी तुमच्यासाठी कोणता आकडा धरलाय ते आपण एकत्र जाऊन विचारू.

मी शनिवारी रात्री पोचते. मीटरच्या पट्ट्या घेऊन येतेय. आई, त्या रात्री हुलग्याचं माडगं आणि भाकरी कर. बाबांच्या ताटात भाकरी मी वाढणार, आणि जेवण झाल्यावर आपण तिघं देवळापर्यंत चालत जाऊ.

तुमची,
धाकटी