अण्णांचं ऐकून घे

प्रिय मित्रा,

दीवहून कालच परतलो. चक्रतीर्थाजवळ १९७१च्या युद्धात बुडालेल्या आपल्या नौदलाच्या 'खुकरी' युद्धनौकेचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. तिच्यासमोर उभा राहिलो आणि तुमची पडवी आठवली.

आठवतं तुला? आपण सातवी-आठवीत असू. 'खुकरी'वर कुठं झोपायचात, एवढंच मी अण्णांना विचारलं होतं. अण्णांनी सुपारीची खांडं सतरंजीवर मांडली. हा केरळचा, हा हरयाणाचा, हा आपल्या मालवणचा, आणि इथं मी. स्वतःचं खांड तेवढं उचलून बाजूला ठेवलं. ती बुडाली त्याआधीच त्यांची बदली झाली होती ना. मग बाकीच्यांवरून हात फिरवत राहिले. काकूंनी जेवायला हाक मारली तरी उठेनात.

९ डिसेंबर १९७१. रात्री पावणेनऊच्या सुमाराला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीचा टॉर्पेडो 'खुकरी'ला लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जे वाचले त्यांना दुसऱ्या दिवशी नौदलाच्याच 'कच्छल' जहाजानं पाण्यातून उचललं. त्यांनी सांगितलेलं वाचत गेलो तर एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी म्हणतं दोन मिनिटांत बुडाली, कुणाला वेळ जास्त वाटला. 'खुकरी'चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं, असं एक सांगतो. दुसऱ्याला ते शेवटी ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथं, आपल्या खुर्चीत बसलेले दिसले. पूर्वी मला वाटायचं, यातलं खरं एकच असणार. आता तसं वाटत नाही. अंधारात, तेलानं माखलेल्या पाण्यात ज्याचं डोकं जिथं वर आलं, तिथून त्याला जेवढं दिसलं तेवढं तो सांगतो. 'हंगोर'चे कमांडर अहमद तस्नीम यांनीही आपल्या बाजूनं सांगून ठेवलंय. तेही वाचवं लागतं. पहिला टॉर्पेडो 'खुकरी'सोबतच्या 'किरपाण' युद्धनौकेवर सोडला होता आणि तो फुटलाच नाही, हे पाण्याखालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अण्णांनी ती रात्र पाहिली नाही, हे मला ठाऊक आहे. पण जहाजावरच्या त्या मेसमध्ये, म्हणजे नौसैनिकांच्या राहायच्या जागेत, कोण कुठं झोपायचं, कोण घोरायचं, कुणाच्या घरून पत्र यायचं नाही, हे त्यांना माहीत आहे. ते कुठल्याच अहवालात नाही.

तेव्हा वीस वर्षांचे असलेले आता सत्तरी ओलांडून गेलेत. अण्णा तर त्याहून मोठे. तू म्हणतोस, त्यांना त्रास होईल. होईलही. म्हणून लढाईचं विचारूच नकोस. दुपारच्या चहानंतर मोबाइल रेकॉर्डिंगला लाव, त्यांना सांगूनच लाव, आणि सुपारीचा डबा पुढं सरकव. मधे बोलू नकोस. गप्प बसले तर बसू दे.

दिवाळीला मी येतोच आहे. त्या मालवणच्याचं नाव तेवढं आधी विचारून ठेव, त्याच्या घरी जाऊन येऊ.

तुझाच