चरख्याआधी टकळी, टकळीआधी पेळू

महोदय,

गांधी जयंती जवळ आली की शाळांतून पेटी चरख्यांची खरेदी होते आणि 3 ऑक्टोबरच्या अंकांत चाक फिरवणाऱ्या मुलांची छायाचित्रे येतात. बारकाईने पाहावे, बऱ्याचदा चातीवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या सळईवर, सूतच नसते. पुढे चरखे कपाटात जातात. दोष मुलांचा नाही, खरेदीचा क्रम उलटा आहे.

चाक फिरवल्याने फक्त पीळ पडतो. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या सैल वळलेल्या गुंडाळीतून, तंतू ओढून बारीक करणे हे दुसऱ्या हाताचे काम आणि खरे कसब तिथेच आहे. सूतगिरणीतल्या रिंग फ्रेम या कताईयंत्रावर हेच काम वाटून दिलेले असते: रोलर ओढतात, ट्रॅव्हलर ही छोटी फिरती कडी पीळ देते. चरख्यावर दोन्ही हात एकाच वेळी निरनिराळे चालवावे लागतात. नवशिक्याला ते झेपत नाही. टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या चातीवर, मात्र थांबता येते. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणयोजनेच्या शाळांत सूतकताई मूलोद्योग, म्हणजे शिक्षणाचा पाया असलेला हस्तोद्योग, म्हणून आली, तेव्हाही लहान वर्गांना आधी टकळीच होती.

टकळी म्हणजे पितळी चकती आणि वीतभर पोलादी काडी, वर आकडा. खालचे टोक पुठ्ठ्यावर किंवा ताटलीत टेकवूनच फिरवावी. अधांतरी सोडली तर तिच्या वजनाने कच्चे सूत तुटते. बोटे घामेजली की काडी निसटते, त्यासाठी चिमूटभर राख जवळ असावी. फिरवण्याची दिशा एकच ठेवावी, घड्याळाच्या काट्यांची. सूत तुटल्यावर मूल नकळत टकळी उलटी फिरवते, आधीचा पीळ उकलतो आणि सूत हातात विरघळते. मग ‘कापूस वाईट आहे’ अशी तक्रार येते. तुटलेले टोक गाठ मारून जोडू नये. पेळूचे तंतू थोडे मोकळे करून त्यांवर दोन-तीन सेंटिमीटर सूत ठेवावे आणि पीळ वर चढू द्यावा. सांधा दिसतही नाही.

कापूसही कधी कधी खरेच वाईट असतो. काही शाळा औषधांच्या दुकानातला कापूस आणतात. तो उकळून, विरंजन करून तंतूंवरचे नैसर्गिक मेण काढलेला असतो, शिवाय त्यात आखूड तंतूच जास्त. असे तंतू एकमेकांवरून सरकत नाहीत, गुठळ्यांनी तुटतात. सरकी काढून नीट पिंजलेली रुई हवी आणि तिचे सैल वळलेले, करंगळीएवढे जाड पेळू. 28 ते 30 मिलिमीटर तंतूचा कापूस शिकायला सोपा. पेळू ताजे असावेत. पिशवीत महिनाभर दाबून ठेवलेला पेळू ओढला की तंतूंऐवजी पुंजकाच बाहेर येतो. उन्हाळ्यात विदर्भाच्या कोरड्या हवेत तर चांगले पेळूही तुटतात. ते ओलसर फडक्यात झाकावेत आणि कताई सकाळी करावी.

हाताला ओढ समजली की मग पेटी चरखा. येरवडा तुरुंगात घडलेले हे यंत्र सुबक आहे, पण चाती जरा वाकली की सगळे बिघडते. चातीच्या टोकामागे पांढरा कागद धरून चाक फिरवावे. टोक थरथरताना दिसले तर चाती आधी सरळ करून घ्यावी. माळ, म्हणजे चाक आणि चाती जोडणारी दोरी, घसरत असेल तर बहुधा तेल जास्त झालेले असते. टेकणीपाशी, म्हणजे चाती जिथे टेकून फिरते तिथे, एक थेंब पुरे. माळेची गाठ जाड असेल तर प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो आणि सूत ठरावीक अंतरावर तुटते.

पिळाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. सुताचा नंबर म्हणजे त्याची बारकाई, नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. 20 नंबरच्या सुताला इंचाला साधारण 18 पीळ लागतात. 24 इंच ओढ काढली तर चातीचे 432 फेरे झाले. हँडलच्या एका फेऱ्याला चाती 80 वेळा फिरत असेल तर हँडलचे जवळपास साडेपाच फेरे. त्यानंतर चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि सूत चातीला काटकोनात धरून कुकडीवर, म्हणजे चातीवर जमलेल्या सुतावर, गुंडाळायचे. हा उलटा फेरा विसरला की सूत टोकावरच गुरफटते.

सूत किती नंबरचे झाले, हे सराफी काट्यावर कळते. सुताची लांबी मीटरमध्ये घेऊन तिला 0.59 ने गुणावे आणि ग्रॅममधल्या वजनाने भागावे. 100 मीटर सूत 3 ग्रॅम भरले, तर ते जवळपास 20 नंबरचे. सारखेपणा पाहायला काळ्या पाटीवर शेजारी शेजारी वेढे द्यावेत. जाड-बारीक लगेच उठून दिसते. दोन्ही टोके जवळ आणताच सूत स्वतःभोवती वळ्या घालू लागले तर पीळ जास्त झाला आहे. अशा सुताची गुंडी, म्हणजे लड, पाण्यात बुडवून वजन लावून ताणात वाळवावी.

शाळांनी यंदा चरख्यांच्या रकमेत टकळ्या, वर्षभर थोडे थोडे ताजे पेळू आणि एकच चांगला चरखा घ्यावा. पहिल्या महिन्यांतले सूत मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, अजिबात देऊ नये, ते तुटून विणकर वैतागतो. आसनपट्टीच्या बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, ते चालते, आणि देवापुढच्या वातींना तर उत्तमच.

– सूतकताई शिकवणारे काही शिक्षक, वर्धा