शिळेवर आकडा आहे, नावेही कोरा

मा. संपादक,
स. न.

सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत एक लहानशी संगमरवरी पाटी आढळते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने बसवलेली. मजकूर एकाच साच्यातला: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. अपशिंगे (मिलिटरी) या एका गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती ४६ नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक झाले. १५ मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ आणि भोवतालच्या भिंतीवर ४,७००हून अधिक नावे. आपली बहुतेक माणसे मात्र पडली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कूत शहराला पडलेल्या तुर्की वेढ्यात जवळपास पाच महिने उपाशीतापाशी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि वाचलेल्यांतले अनेक जण पुढे तुर्कांच्या कैदेत दगावले. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या. गावची पाटी आणि बसऱ्याची भिंत, दोन्हीकडे हिशेब तेवढा ठेवला.

नावे हरवलेली नाहीत, म्हणूनच हे पत्र. युद्धात पडलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी आज कुणालाही पाहता येतात. अनेक शिपायांपुढे बापाचे नाव, गाव, तालुका आणि ‘सातारा’ असे लिहिलेले सापडते. माझ्या चुलत पणजोबांची नोंद मला अशीच मिळाली. गावाचे स्पेलिंग इतके मोडलेले की ते परक्याला उलगडले नसते. मी ते मोठ्याने वाचले आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी लगेच ओळखले. हे काम दिल्ली-मुंबईच्या कचेरीतून होणार नाही, गावातच व्हायला हवे.

आमच्याकडची पाटी रंगकामात ऑइलपेंटखाली गेली होती. आम्ही चौघांनी थिनर आणि फडक्याने पुसून ती मोकळी केली. ग्रामपंचायतींना विनंती, की जुनी पाटी काढू नका, रंगवू नका, नव्या चकचकीत ग्रॅनाइटमागे झाकू नका. तिच्याखाली दुसरी शिळा बसवा आणि तीवर नावे मराठीत कोरा, बापाच्या नावासकट. येत्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत.

– एक माजी सैनिक, जि. सातारा