नुसता आकडा पाठव

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरला का? हे सुरुवातीला विचारायचं नाही असं ठरवून बसले होते. आधी रविवारी फोनवर तुझ्या मोबाइलच्या खेळावरून आपलं भांडण झालं त्याबद्दल लिहायचं, मग बाकीचं, असा क्रम मनाशी लावला होता. पण पेन टेकवलं आणि हेच उमटलं. असू दे.

बुधवारी संध्याकाळी तुझ्या शाळेतल्या चिन्मयचा फोन आला. "काकू, सोहमचा ताप उतरला का?" मी म्हटलं, कसला ताप? तो एकदम गप्प झाला. मग एकेक करून सांगितलं. मोबाइलवरच्या त्या क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये तुमच्या क्लॅनचं, म्हणजे टोळीचं, वॉर चालू असताना तू तुझ्या वाट्याचे दोन्ही अटॅक केले नाहीस, असं आजवर कधी झालं नव्हतं, म्हणून कुणीतरी चॅटवर विचारलं, तेव्हा तू लिहिलंस, तीन दिवस ताप आहे. आणि तुमच्यातला जो तुझ्याच शहरात राहतो, तो रात्री औषधं घेऊन तुझ्या खोलीवर आला. म्हणजे पन्नास माणसांच्या क्लॅनला तुझा ताप ठाऊक होता आणि तुझ्या आईला नव्हता.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. रात्रभर धुमसत होते. बाबा म्हणाले, "त्याने आपल्याला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? फोनवर रडली असतीस." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी मीच तुला म्हटलं होतं, "ती पन्नास माणसं तुझ्या उशाशी येऊन बसणार आहेत का?" तू फोन ठेवलास. आणि तीन दिवसांत त्यातलाच एक खरोखर उशाशी आला. ते वाक्य मी परत घेते. त्या मुलाचं खरं नाव काय रे? चिन्मयलाही माहीत नाही, तो त्याला 'निशाचर' एवढंच म्हणतो. त्याला माझा आशीर्वाद सांग.

पण तुझा पीएस4, तो टीव्हीला लावायचा खेळाचा कन्सोल, देऊन टाकायला सांगितलंस, ते मला इतकं का लागलं हे तुला कळायला हवं. "आई, मी आता तो लावत नाही, कुणाला तरी देऊन टाक," इतक्या सहज म्हणालास तू. मी कपाट उघडलं तर त्याच्यामागे त्याआधीच्या आपल्या 'वी' कन्सोलचं पांढरं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग निघालं. दोन होती, एक रेवाने मोडलं. मग मी तिथेच बसले. मारिओ कार्ट आठवतं ना? पडदा अर्धा तुझा, अर्धा माझा. त्या इंद्रधनुष्याच्या रस्त्याला कठडाच नव्हता, मी दर वळणाला खाली पडायचे, आणि ढगावर बसलेला तो छोटा मासेमाराच्या गळाने मला उचलून परत रस्त्यावर ठेवायचा. तू आठ-नऊ वर्षांचा. शेवटच्या रेषेच्या अलीकडे गाडी थांबवून मागे बघायचास. पडद्यावर नाही, माझ्याकडे बघायचास. कितीतरी शर्यती तू त्यापायी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर घालवल्यास. त्या दिवसांत बाबा रात्रपाळीला असायचे आणि माझं मन कशात नव्हतं, ते तुला तेव्हा कळत होतं का, मी कधी विचारलं नाही.

तर माझ्या मनात कन्सोल म्हणजे ते. म्हणून तू रविवारी "मोबाइलवर माणसं भेटतात" म्हणालास तेव्हा मी उसळले. पण नंतर विचार केला, की पीएस4 आल्यावर काय झालं होतं? पडद्याचे दोन भाग करून शेजारी बसून खेळायचे खेळ कमी होत गेले. तू हेडफोन लावून बसायचास आणि मला दारातून तुझी पाठ दिसायची. ते 2018 चं रेड डेड रिडेम्प्शन 2 तू महिनोन्महिने खेळत होतास. घोडा, डोंगर, बर्फ, सगळं इतकं सुंदर की मी दाराशी उभी राहून बघायचे. पण त्या गोष्टीत तू एकटाच होतास. म्हणजे मी ज्याच्यासाठी भांडले, ते कन्सोलनेही आपल्याला फार दिवस दिलं नव्हतं.

तू म्हणालास ते एक वाक्य तेव्हा मी ऐकलं नाही, नंतर ऐकू आलं. "कन्सोलसमोर बसायला मोकळी संध्याकाळ लागते, आई. माझ्याकडे मोकळी दहा मिनिटं असतात." शिवाय, दोन महिन्यांनी तो लावावा तर आधी अपडेट उतरवत बसायचं, आणि ऑनलाइन खेळायला वर्गणी वेगळी. ती संध्याकाळ कुणाबरोबर घालवायची हाही प्रश्नच. शाळेतल्या तुमच्या चौकडीत एकाकडे एक्सबॉक्स, एकाकडे कॉम्प्युटर, तुझ्याकडे हा, आणि चिन्मयकडे काहीच नाही. एका कंपनीच्या डब्यावरून दुसरीच्या डब्यावर खेळता येत नव्हतं. सोनीने ते दार 2018 साली फोर्टनाइटसाठी किलकिलं केलं, तोवर तुमची चौकडी पांगली होती. फोन मात्र चौघांच्या खिशात होता. चिन्मय पहिल्यांदा तुमच्यात बरोबरीने खेळला तो क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये. हे त्याने स्वतः सांगितलं मला, बुधवारीच. त्याचा आवाज कसा झाला होता ते कागदावर लिहिता येत नाही.

आणि मी कोण शहाणपण शिकवणारी? मावशीशी त्या प्रकारानंतर माझं वर्षभर बोलणं नव्हतं हे तू पाहिलंस. फोन केला तर काय बोलू या भीतीने दोघीही गप्प. मी कँडी क्रश खेळायचे, तिथे पाच जीव संपले की अर्ध्या तासाला एक भरतो, किंवा कुणीतरी पाठवावा लागतो. एका रात्री तिच्याकडून एक जीव आला. शब्द एकही नाही. मी दुसऱ्या दिवशी एक पाठवला. असं महिना-दीड महिना चाललं आणि मग तिने फोन केला तेव्हा जणू मध्ये काही झालंच नव्हतं. बोलायला काही नसताना, किंवा फार काही असताना, "मी आहे" एवढं सांगायची सोय त्या खेळात होती. तू क्लॅनमधल्यांना सैनिक डोनेट करतोस तेही तेच असणार. मागणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याचा उपकार नाही. हे मला कळायला हवं होतं, मला तर आधीच अनुभव होता.

पण सोहम, तू झोपतोस का? तापातसुद्धा रात्री चॅटवर उत्तर दिलंस ते किती वाजता दिलंस हे चिन्मयने सांगून टाकलं. पावणेतीन. त्याच्यावर रागावू नकोस, मी खोदून विचारलं.

मला ह्या खेळांची एक गोष्ट अजूनही आवडत नाही, ती सांगते आणि थांबते. कन्सोलवरच्या गोष्टीला शेवट होता. नावांची यादी वर सरकायची, तू हात डोक्यामागे घेऊन बसायचास आणि मग जेवायला यायचास. क्लॅश ऑफ क्लॅन्समधल्या तुमच्या ह्या गावाला शेवट नाही. 2012 पासून चालू आहे आणि गावाची मुख्य इमारत, तो टाउन हॉल, वाढतोच आहे. तो बिल्डर रिकामा झाला की फोन वाजतो. वाट बघवत नसेल तर जेम्स, म्हणजे खेळातली विकतची रत्नं, घ्या, असं समोरच लिहिलेलं. माणसं खरी आहेत हे मी आता मान्य करते. पण त्या खऱ्या माणसांच्या भोवती ज्यांनी घड्याळं बसवली आहेत, त्यांना तू झोपलास काय आणि जागलास काय. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घातला आहे, 2022 पासून ती यादी लागू आहे. मी त्याची लक्षणं वाचली. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे सगळं साधारण बारा महिने. बोटावर मोजून पाहिलं. तुला नाही लागू होत. नोकरी नीट चालू आहे, रेवाच्या परीक्षेच्या दिवशी तुझा फोन सकाळी सहाला आला. तरी मी दोनदा वाचलं.

बघ, व्याख्यान झालंच. माफ कर. तू पंचवीस वर्षांचा आहेस आणि मी अजून तुझ्या दाराशी उभी राहून पाठीशी बोलते आहे.

एकच सुचवते, आणि हे मी चिन्मयकडून समजून घेऊन लिहिते आहे, उगाच नाही. वॉर सुरू करायचा अधिकार लीडरला आणि को-लीडरला असतो. तू को-लीडर आहेस. तयारीचे 23 तास, लढाईचे 24. म्हणजे रात्री आठच्या सुमारास सुरू केलंस तर दोन दिवसांनी सातच्या सुमारास संपेल. मग शेवटच्या तासाला कुणाचे अटॅक राहिले ते बघायला तुला रात्री दोनला उठावं लागणार नाही. तुझ्या क्लॅनमध्ये शाळेतली मुलंही आहेत म्हणे, त्यांच्याही आया असतील.

को-लीडर झालास हे तू मला सांगितलं नव्हतंस. चिन्मय म्हणाला, नव्या मुलाचा अटॅक फसला तर सगळे हसतात, आणि तू मात्र रिप्ले बघून त्याला कुठे चुकलं ते सांगतोस. एक मुलगा सोडून निघाला होता, त्याला तू थांबवलंस. मी हे बाबांना दोनदा सांगितलं. ते पेपर वाचत होते, पण पान उलटलं नाही.

चिन्मय म्हणतो, "काकू, तुम्हीही या क्लॅनमध्ये." मी नाही म्हटलं. पन्नासच जागा असतात, त्यातली एक मी अडवणार नाही. ती तुझी खोली आहे, दार लोटून मी आत येणार नाही. पीएस4 कुणालाही दिलेला नाही, पुसून ठेवला आहे. द्यायचा असेल तर देईन. स्टिअरिंग देणार नाही.

रविवारी मी ज्या आवाजात बोलले त्याचं मला वाईट वाटतं. तू फोन ठेवलास त्याचं वाईट वाटलं नाही, खरं तर. तापाचं सांगितलं नाहीस, त्याचं वाटलं. आपलं भांडण झालं होतं म्हणून सांगितलं नाहीस का? की मी घाबरेन म्हणून? मी घाबरतेच, सोहम. तुला ताप नसला तरी घाबरते, ते तुझ्या न सांगण्याने थांबत नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. थर्मामीटर आहे ना जवळ? नसेल तर त्या निशाचरला सांग, तो आणेल. सकाळ-संध्याकाळ लाव आणि मला आकडा पाठव. नुसता आकडा पाठवलास तरी चालेल.

तुझी,
आई