क्रॅश होतं म्हणजे नेमकं काय पडतं?

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. पत्र मात्र उघडच लिहितोय. एकाच मशिनवर अपाची (पानं पुरवणारा वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) दोन्ही चालवणाऱ्या आमच्यासारख्या लहान संस्था पुष्कळ आहेत, त्यांच्याही कामी येईल.

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीची साइट अधूनमधून बंद पडायची. वेळ ठरलेली नाही, वार ठरलेला नाही. कधी भर दुपारी, कधी पहाटे. पाच मिनिटांत आपोआप परत सुरू व्हायची, त्यामुळे कोणी बघायला जाईपर्यंत सगळं आलबेल. होस्टिंगवाल्यांचं एकच पालुपद: मोठा सर्व्हर घ्या. कार्यकारिणीच्या बैठकीत तर 'कोणीतरी हॅक करतंय' इथपर्यंत मजल गेली. अशात एका परिचितांनी तुमचा नंबर दिला. 'सर्व्हर क्रॅश होतो' एवढं मी म्हणतोय तोच तुम्ही विचारलंत, "म्हणजे नेमकं काय पडतं? मशिन, अपाची की डेटाबेस?" तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं.

मशिनचा अपटाइम, म्हणजे न थांबता चालू असण्याचा काळ, पाहिला तर कित्येक महिन्यांचा. म्हणजे वीज, पॉवर सप्लाय, मशिन रीबूट होणं या शंका एका दमात बाद. अपाचीही जुन्याच वेळेपासून चालू. फक्त मायएसक्यूएल ताजं सुरू झालेलं. आधीच्या ठेकेदाराने दर पाच मिनिटांनी चालणारी एक स्क्रिप्ट लावून ठेवली होती, डेटाबेस बंद दिसला की ती तो परत उठवायची. सोय म्हणून ठीक, पण पुरावा दर वेळी पुसला जायचा. तुम्ही ती काढली नाहीत. उठवण्याआधी मेमरीचा हिशोब आणि प्रोसेसची यादी फाइलमध्ये लिहायला लावलीत, आणि चालू क्वेरींची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची) यादी दर मिनिटाला वेगळी.

मग मायएसक्यूएलचा एरर लॉग. तो आपण फोनवर एकत्र वाचला ते मला अजून आठवतं. नीट बंद केला असता तर तशी नोंद असती. स्वतःच्या बगमुळे पडला असता तर सिग्नल 11 (चुकीच्या मेमरीला हात लावल्याची खूण) आणि त्याखाली स्टॅक ट्रेसची, म्हणजे कोडमध्ये कुठून कुठे जाऊन पडला त्या वाटेची, लांबलचक भेंडोळी असती. इथे यातलं काहीच नाही. नेहमीच्या नोंदी, आणि लगेच पुढची ओळ नव्याने सुरू झाल्याची, इनोडीबीच्या (मायएसक्यूएलचा डेटा साठवणाऱ्या भागाच्या) क्रॅश रिकव्हरीसकट. "याला बोलायलाही वेळ मिळालेला नाही. म्हणजे बाहेरून मारलाय," तुम्ही म्हणालात. सिग्नल 9, म्हणजे तत्काळ मारण्याचा आदेश, आला की प्रोसेसला शेवटची ओळ लिहायचीही सवलत नसते.

मारणारा सापडला कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये: ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारी यंत्रणा. लिनक्स मागेल त्याला मेमरी कबूल करत जातं, अगदी हाताशी नसलेलीसुद्धा. सगळ्यांनी एकदम ती वापरायला काढली की कर्नल कोणाचा तरी बळी देतो, आणि तो बहुधा सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्याचा. आमच्या लॉगमध्ये मेमरी मागणारा होता अपाची आणि मेला मायएसक्यूएल. ही दोन नावं वेगळी असू शकतात हे कळल्यावर डेटाबेसच्या सेटिंगांशी चाललेली आमची झटापट तिथेच थांबली.

पुढचा हिशोब तुम्ही माझ्याकडून करवून घेतलात. मशिनची मेमरी 4 जीबी, त्यातली 2 जीबी मायएसक्यूएलच्या बफर पूलला (डेटा हाताशी ठेवायच्या जागेला) दिलेली. अपाचीच्या प्रत्येक प्रोसेसचा आरएसएस (व्यापलेली मेमरी) साधारण 80 एमबी दिसत होता. पण त्यात मेमरीची सामायिक पानं प्रत्येकाच्या नावावर पुन्हापुन्हा मोजली जातात, म्हणून ती वाटून मोजणारा पीएसएस बघा, असं तुम्ही सुचवलंत. तो भरला 50 एमबी. आणि मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस हा आकडा? उबुंटूच्या पॅकेजसोबत येतो तोच, 150. म्हणजे गर्दी झाली तर एकट्या अपाचीलाच साडेसात जीबी लागणार.

पण गर्दी करतं कोण? तालुक्याच्या वाचनालयाच्या साइटवर एका वेळी दीडशे वाचक? इतका वाचनवेडा तालुका असता तर आम्ही सर्व्हर नव्हे, इमारत वाढवली असती. इथे तुम्ही अ‍ॅक्सेस लॉगमधली (आलेल्या विनंत्यांच्या नोंदीतली) एक खोच दाखवलीत. अपाची ओळ लिहितो ती विनंती संपल्यावर, तिच्यातली वेळ मात्र विनंती आल्याची. त्यामुळे डेटाबेस पडण्याच्या लगेच आधीची ओळ संशयित नव्हेच. संशयित पडल्यानंतर लिहिलेल्या, पण आधीची वेळ दाखवणाऱ्या ओळींत. लॉगफॉरमॅटमध्ये (नोंदीच्या साच्यात) %डी घालून प्रत्येक विनंतीला लागलेला वेळ छापायला लावला, आणि पुढच्या वेळी चोर रंगेहाथ सापडला. सूचीत प्रत्येक लेखकाच्या नावावर शोधाची लिंक होती. सर्च इंजिनांचे बॉट (आपोआप साइट वाचणारे प्रोग्रॅम) एकामागून एक सगळ्या लिंका उघडत होते, आणि प्रत्येक शोध लाइक '%नाव%' असा. टक्का म्हणजे 'इथे काहीही चालेल'; तो सुरुवातीलाच असल्यावर इंडेक्स (टेबलाची क्रमवार सूची) काय करणार? अख्खं टेबल चाळायचं. उत्तरं तुंबली की अपाची नव्या प्रोसेस काढत बसणार. बॉट येतील तेव्हा साइट जाणार. आम्हाला 'वेळ ठरलेली नाही' वाटत होतं ते यामुळे.

वर्कर्स 20 वर आणले, बाकीच्या विनंत्या रांगेत थांबतात. लेखकाच्या लिंका आता त्याच्या क्रमांकावरून, इंडेक्स वापरून चालतात. शोधाची पानं बॉटांसाठी रोबोट्स फाइलमध्ये बंद केली. मायएसक्यूएलला उणे 1000 गुण देऊन (म्हणजे बळींच्या यादीतून वगळून) ओओएम किलरपासून वाचवूया, असं मी सुचवलं होतं. "मग दुसरं कोणीतरी मरेल, आणि ते कोण हे शोधायला परत मलाच फोन कराल," हे तुमचं उत्तर मी कागदावर लिहून सर्व्हरच्या पासवर्डांसोबत ठेवलंय.

तेव्हापासून कर्नलच्या लॉगमध्ये ओओएमची एकही ओळ नाही. सर्व्हर तोच आहे, 4 जीबीचाच.

तुम्ही पैसे घेणार नाही म्हणालात. कार्यकारिणीने मग तुम्हाला आजीव सभासद करून घेतलंय; पावती पोस्टाने निघाली आहे. ही तरी परत पाठवू नका.

आपला,
वाचनालयाची साइट सांभाळणारा