आधी काटा, मग लोडशीट

मा. संपादक,
स. न.

मालवाहू विमानांच्या अपघातांवरील आपला कालचा लेख वाचला. ‘थोडे जादा वजन’ हे शब्द त्यात इतक्या सहजपणे आले आहेत की, विमानात माल चढवण्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला राहवेना. विमानाचे वजन १० टक्क्यांनी वाढले, तर जमीन सोडण्याचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारे धावपट्टीवरचे अंतर २० टक्क्यांहून अधिक वाढते. वैमानिकाला याचा पत्ताही नसतो, कारण त्याने आपले सारे हिशेब लोडशीटवरच्या, म्हणजे विमानातील भाराची नोंद असलेल्या कागदावरच्या आकड्यावरून केलेले असतात.

तो आकडा कसा येतो, हे मी पाहिले आहे. एका पावसाळी रात्री उघड्यावर भिजलेल्या गठ्ठ्यांचे पॅलेट, म्हणजे सपाट फळीवर रचून जाळीने बांधलेला माल, आमच्यापुढे आले. जाळीतून पाणी ठिबकत होते, फोर्कलिफ्टची मागची चाके जमीन सोडू पाहत होती आणि कागदावर वजन मात्र कोरड्या मालाचे होते. पुन्हा काट्यावर घ्या म्हणालो, तर उड्डाणाला उशीर होतो म्हणून वरिष्ठांनी सर्वांदेखत मलाच फैलावर घेतले. पॅलेट शेवटी मागे ठेवले गेले, पण माझ्यावर बसलेला ‘अडवणूक करणारा’ हा शिक्का पुसला गेला नाही आणि ते मला आजही सलते.

भार कुठे ठेवला, याबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये मायामीहून निघालेल्या डीसी-८ विमानात कापडाचा माल असा भरला गेला होता की भार मागे सरकला आणि ट्रिमही, म्हणजे विमानाचे नाक समतोल राखण्यासाठी शेपटीकडे केलेली जुळणीही, चुकीच्या हिशेबाने लावलेला होता. उड्डाण करताच नाक वर उसळून विमान कोसळले. त्यात विमानातील ४ आणि जमिनीवरील १ असे ५ जण दगावले. जानेवारी १९९६ मध्ये किन्शासात क्षमतेपेक्षा जास्त भरलेले अँतोनोव्ह-३२ विमान उचललेच गेले नाही आणि धावपट्टी ओलांडून थेट गजबजलेल्या बाजारात घुसले. तिथे शेकडो माणसे मेली, ज्यांचा त्या मालाशी काडीचाही संबंध नव्हता.

असे असताना आपण शीर्षकात ‘वैमानिकाची चूक’ असे छापता, याचे फार वाईट वाटते. शिवाय सोबतचे छायाचित्र प्रवासी विमानाचे आहे. दोन्हींची दुरुस्ती छापावी आणि प्रत्येक पॅलेट चढवण्याआधी काट्यावर घेण्याची सक्ती असावी, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कार्गो कर्मचारी